शेकाची खोली

विरेश कुणाला नाही म्हणत नाही, हा त्याचा गुण म्हणून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सांगितला जायचा. गुरम्माच्या मते ती खोड होती, आणि वाईट खोड होती. दारुडा निदान रस्त्यात पडलेला तरी दिसतो. हा उभ्या उभ्या हसून 'करू की' म्हणायचा, आणि समोरचा माणूस काम झालंच असं समजून घरी जाऊन निवांत झोपायचा. कामगारांनी पंखा मागितला, करू की. बायकोनं माहेरी सोडायला सांगितलं, करू की. अव्वानं, म्हणजे त्याच्या आईनं, गुरम्मानं, दाताच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं, तरी करू की. शेवटी तो दात आपला आपण पडला. गुरम्मानं तो विरेशच्या ताटाशेजारी आणून ठेवला.

"घे," म्हणाली. "तुज्या डाक्टरचं काम मीच उरकलं."

तो हसला. हसण्यात तर तो बापाच्या वरताण होता. बापाचं बाकीचं काय उचललं, हे मात्र गुरम्माला अजून सापडलं नव्हतं.

त्यांचं सूत रंगवायचं डाइंग होतं. टॉवेलचं सूत यायचं, उकळत्या पाण्यात रंग प्यायचं, वाळायचं आणि मागांवर जायचं. पुढं कारखाना, मागं घर, मधे एकच भिंत. त्या भिंतीच्या पलीकडे बॉयलर. विरेशच्या अप्पांनी तो जुनाच आणून बसवला होता, विटांच्या भट्टीचा. खायचा गाडीभर लाकूड आणि काम करायचा हातभर. निम्मी आग पाण्याला लागायची, निम्मी धुराड्यातून आणि विटांतून निघून जायची. त्या विटांतल्या आगीनं घराच्या शेवटच्या खोलीची भिंत बारा महिने भाकरीच्या टोपलीसारखी कोमट असायची. उन्हाळ्यात त्या खोलीत मांजरसुद्धा फिरकत नसे. पण संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेची थंडी पडली की साऱ्या घराला त्या भिंतीची आठवण यायची.

तान्ह्या विरेशला घेऊन गुरम्मा दवाखान्यातून आली ती त्याच खोलीत. पोर हडकुळं, आणि दिवस पौषाचे. अप्पांनी बाज भिंतीला लावली आणि म्हणाले, हितं नीज, भिंत शेकंल. पुढच्याच थंडीत बॉयलरवर लाकूड घालणाऱ्या ईरप्पाची बायको, शरणम्मा, बाळंत झाली. तिचं घर म्हणजे चार पत्रे आणि त्यांतून येणारा वारा. गुरम्मानं तिला बोलावून घेतलं. त्या बाजेवर शरणम्माची अक्षता वाढली, आणि तेव्हापासून रीतच पडली. कामगाराच्या घरी थंडीत पाळणा हलला की बाळंतीण गुरम्माकडे यायची. लोक त्या खोलीला शेकाची खोली म्हणायला लागले.

तिथं गुरम्माचं राज्य होतं. शाळेची चौथी तिनं कशीबशी पाहिलेली. सही करायची, पाटी अक्षर अक्षर लावून वाचायची. पण त्या खोलीत नर्सबाई आली तरी चपला बाहेर काढून यायची. ओवा कधी धुपवायचा, बाळाला किती वेळ भिंतीशी धरायचं, सासूला किती बोलू द्यायचं, सगळं गुरम्मा ठरवायची. आणि बाळंतीण निघाली की पोराला एक पांढरा टॉवेल द्यायची, रंगाला न लावलेल्या सुताचा. तो टॉवेल परत द्यायचा नसतो. फाटला तर गोधडीत जायचा, पण घरातून बाहेर नाही. टॉवेल घरात आहे तोवर पोरावर त्या भिंतीची माया आहे, असं बायका म्हणायच्या. गुरम्माही हे मनापासून मानायची, पण बोलून दाखवायची नाही.

अप्पा गेल्यावर कारखाना विरेशकडे आला. धुराच्या तक्रारी वाढल्या, लाकूड महागलं, आणि रस्त्याकडेनं गॅसची पाइपलाइन आली. विरेशनं कर्ज काढून नवं यंत्र आणलं. बैलगाडीएवढी पेटी, तिच्या पोटात गॅसवर चालणारं इंजिन. त्यानं अव्वाला उभं करून समजावलं.

"हे बघ अव्वा. इंजिन फिरलं की वीज होते. ती आपल्याच मोटारींना. आणि इंजिन तापतं की नाही? एरवी ती उष्णता हवेत जाते. इथं नाही. तिचं गरम पाणी, तिची वाफ, सगळी रंगाच्या टाक्यांना. एका गॅसमध्ये दोन कामं. काहीच वाया जात नाही."

"काहीच?"

"काहीच नाही. तेच तर आहे त्यात."

गुरम्मानं नारळ फोडला, यंत्राला विभूती लावली. टाक्यांकडे जाणारा जाडजूड पाइप होता, चकचकीत पत्र्यात गुंडाळलेला. आत उकळतं पाणी आहे म्हणाले, म्हणून तिनं भीत भीत हात लावला. गार. साप धरावा तसा गार. तिनं हात पदराला पुसला.

"आग पोटात ठिवतो हा," ती म्हणाली.

"आतून कापूस भरलाय, काचेचा," विरेश कौतुकानं म्हणाला. "म्हणून बाहेर येत नाही."

"मग माज्या खोलीचं काय?"

"कसली खोली?"

"शेकाची. बॉयलर निगाला की भिंत गार पडंल. ह्यातलाच एक पाइप तितनं फिरव. कापूस न घालता."

विरेश हसला. "करू की, अव्वा."

गुरम्मा एरवी त्याला त्या शब्दावरून टोमणे मारायची, पण त्या दिवशी तिनं तो गाठीला बांधला. खोली तिच्या मालकीची, बाज तिची, आणि तो स्वतः त्या भिंतीशी वाढलेला. एवढ्या एका गोष्टीत तो विसरणार नाही, असं तिला वाटलं.

दिवाळीनंतर बॉयलर भंगारात गेला. भट्टीच्या विटा काढल्या, धुराडं आडवं पडलं. त्या मोकळ्या जागेत गॅसचं मीटर आणि पिवळ्या नळ्या आल्या, भोवती जाळी, जाळीवर लाल पाटी. गुरम्मानं ती वाचली. आगीला मनाई. बरं, म्हणाली, पलीकडं कोण जातंय आग घेऊन. त्या बाजूला खोलीचा एक झरोका उघडत होता. तो विटांनी बुजवून टाका, असं गॅस कंपनीच्या माणसानं विरेशला सांगितलं होतं. विरेशनं त्यालाही 'करू की' म्हटलं होतं. हे गुरम्माला ठाऊक नव्हतं.

ईरप्पाला विरेशनं कामावरून काढलं नाही. गेटवर बसवलं, वॉचमनचा शर्ट दिला. आयुष्यभर आगीसमोर उभा राहिलेला माणूस आता वाऱ्यात स्टुलावर बसायचा आणि सवयीनं मधेच हात पुढं करून शेकायचा. समोर काही नसायचं.

संक्रांतीच्या तोंडावर त्याची अक्षता बाळंत झाली. सासर टेंभुर्णीचं, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. माहेर म्हणजे तरी काय, आई दोन वर्षांमागे गेलेली आणि बाप गेटवर. पोर दिवसाच्या आधी झालं. मुलगा, पण ओंजळीत मावेल एवढा. दवाखान्यानं काही दिवस ठेवून घेतला, मग घरी सोडताना बजावलं, ऊब तुटू देऊ नका.

ईरप्पा मागच्या दारात येऊन उभा राहिला. मागायला आला होता, पण मागत नव्हता.

"अव्वा, अक्षताचं कूसू लई बारीक हाय."

"मग हितं कशाला उभा ऱ्हायलास? आण तिला."

"भिंत गार हाय न्हवं आता."

"विरेश पाइप टाकणार हाय. मला शब्द दिलाय त्यानं. शरणम्माची पोर हाय ती, माज्या हातातली. उद्या दुपारच्याला आण."

ईरप्पानं मान हलवली. गुरम्माच्या शब्दावर त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं, आता कुठं शंका घेणार.

रात्रीच्या जेवणाला तिनं विरेशला सांगितलं. मोबाईलवरून मान वर न करता तो म्हणाला, "करू की. उद्या सकाळी फिटर पाठवतो."

सकाळी फिटर आला नाही. दुपारी रिक्षातून अक्षता आली, कानाला फडकं, छातीशी गाठोडं. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तिनं आधी भिंतीला हात लावला. लहानपणापासून ऐकलेली भिंत. मग हात काढून घेतला आणि गाठोडं आणखी घट्ट धरलं. ते हात काढून घेणं गुरम्माला मुस्काटात मारल्यासारखं लागलं.

"आत्ता गरम हुईल बघ," ती म्हणाली, आणि माळ्यावरून शेगडी काढली.

कोळसे फुलवले. दार अर्धं उघडं ठेवलं, झरोका उघडाच होता. ओवा टाकला. बाळाचे पाय निळसर होते, ते हळूहळू शेकले, गुलाबी झाले. अक्षता पहिल्यांदा हसली.

"आई म्हणायची, भिंतीला कान लावला की बॉयलर बोलल्यावाणी वाटायचं."

"तुजी आई निजायची कमी अन् बोलायची जास्त. भिंतीला तरी कदी बोलू दिलं असंल का तिनं?"

गुरम्माला पाटी आठवली नाही असं नाही. पण पाटी भिंतीच्या त्या बाजूला होती आणि शेगडी या बाजूला. भिंत म्हणजे भिंत. इकडचं घर बाईचं, तिकडचा कारखाना गड्यांचा. इतकी वर्षं ती याच हिशेबानं जगली होती. आणि दुसरं असं, की तिनं शब्द दिला होता. पोराचा शब्द पडला म्हणून आईनं आपलाही पाडायचा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅस कंपनीचा माणूस तपासणीला आला. विरेश त्याच्याबरोबर जाळीपाशी उभा होता. त्या माणसानं नाक वर केलं, मग बोट वर केलं. झरोक्यातून ओव्याचा निळा धूर पिवळ्या नळ्यांवर उतरत होता.

विरेश धावत आला. गुरम्मानं त्याला इतकं जोरात धावताना शाळेच्या वयानंतर पाहिलं नव्हतं. चपलेसकट खोलीत शिरला, न्हाणीतली बादली उचलली आणि शेगडीवर पालथी केली. फस्सकन राख आणि वाफ उसळली. बाळ किंचाळलं. अक्षता त्याला पोटाशी घेऊन कोपऱ्यात सरकली. खोलीभर काळं पाणी.

"अव्वा, तुला मारायचंय का सगळ्यांना? पलीकडे गॅस आहे. नळी जराशी जरी गळली ना, ही भिंत राहणार नाही, आपण राहणार नाही, हे पोरही राहणार नाही." त्यानं अर्धं दार सताड उघडलं. "बाहेर व्हा. आधी बाहेर व्हा सगळे."

"बाळंतीण हाय ती. वारं सुटलंय."

"कळतंय मला. अक्षता, तू गेटपाशी थांब. मी गाडी पाठवतो, ड्रायव्हर घरी सोडेल. काचा वर करून नेईल. काळजी करू नको, करतो की मी."

आणि तो गॅसवाल्याकडे पळाला, कारण तो माणूस कारखान्याचा गॅस बंद करायची भाषा बोलत होता.

गुरम्मानं अक्षताला आपली शाल गुंडाळली. बाळाला माळ्यावरच्या पेटीतला पांढरा टॉवेल गुंडाळला. निघताना द्यायचा तो असा, पळवून लावल्यासारखा दिला. बापलेक गेटवर उभे राहिले. मोकळं माळरान, वर पहिल्या चांदण्या, आणि अंगात शिरणारा वारा. ईरप्पा वॉचमनच्या शर्टात, आपल्याच पोरीसाठी गेट उघडून. गाडी आत शेडमध्ये उभी होती. गेटवरून तिचे मागचे लाल दिवे दिसत होते. ड्रायव्हर कुणी सांगेल म्हणून वाट बघत होता आणि विरेश त्या माणसाला चहा पाजून, गोड बोलून, कागदावर सही घेत होता. गुरम्मा ओसरीत उभी राहून ते सगळं बघत होती. तिला वाटलं, ड्रायव्हरला आपणच सांगावं. पण तो म्हणाला होता ना, पाठवतो. आणि मघाशी बाळंतिणीदेखत ज्यानं तिच्या शेगडीवर पाणी ओतलं, त्याच्या ड्रायव्हरपुढं जाऊन उभं राहायला तिचे पाय तयार होईनात.

किती वेळ गेला कोण जाणे. अंधार दाटला. शेवटी रस्त्यानं एक रिक्षा आली, उघडीच, बाजूला पडदेसुद्धा नव्हते. ईरप्पानं हात केला.

बाळाला त्याच आठवड्यात धाप लागली. पुन्हा दवाखाना, काचेची पेटी, नाकात नळी. गुरम्मा गेली. काचेपलीकडे बाळ पिवळ्या दिव्याखाली पडलेलं होतं, पेटी कसल्याशा यंत्रानं गरम ठेवलेली. म्हणजे यंत्राला देता येते ऊब, तिच्या मनात आलं, कुणी ठरवलं तर. अक्षता बाकावर बसली होती. गुरम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. अक्षतानं तो झटकला नाही, पण पाठ ताठ झाली. गुरम्मा डबा ठेवून निघून आली.

बाळ वाचलं. बारसं टेंभुर्णीला झालं. शेकाच्या खोलीतल्या प्रत्येक पोराच्या बारशाला गुरम्माला मानाची साडी यायची. ती नेसायची नाही, पण मोजायची जरूर. या वेळी निरोपसुद्धा आला नाही. गल्लीतल्या बाईकडून कळलं.

मग एका सकाळी ईरप्पा मागच्या दारात आला. अंगात वॉचमनचा शर्ट नव्हता. हातात घडी केलेला पांढरा टॉवेल, धुतलेला, इस्त्री केलेला.

"अव्वा, हे तुमचं."

गुरम्मा लिंगपूजा आटोपून बसली होती. तिनं टॉवेलकडे बघितलं, घेतला नाही.

"ह्यो परत द्यायचा नसतोय, ईरप्पा."

"ठाऊक हाय की, अव्वा." तो खाली बघत होता. "म्हणूनच मी हातानं आणला. दुसऱ्याकडं दिला न्हाय."

"पोरीनं सांगितलं?"

"ती काय म्हणत न्हाय. घरात ठिवू नका म्हणली, येवढंच." मग टॉवेलची घडी सारखी करत, "चिंचोळीला एका कारखान्यात काम बगितलंय. उद्यापास्नं."

तेवढ्यात विरेश बाहेर आला, हातात गाडीची किल्ली. ईरप्पाला बघून तोंडभर हसला, आणि ते हसू खोटं नव्हतं. हीच तर त्याची रड होती.

"काय रे ईरप्पा, नातू बरा आहे ना आता? वजन वाढलं म्हणे."

"व्हय, मालक."

"मग झालं तर. हे जाण्याचं काय काढलंस? राहा की. अप्पांपासूनचा माणूस तू. त्या खोलीत मी विजेचा हीटर बसवून देतो, वीज तर आपलीच आहे. पुढच्या वेळी अडचण नाही यायची. करू की आपण."

ईरप्पानं टॉवेल उंबऱ्यावर ठेवला, जसा निवद ठेवतात. दोघांना हात जोडले. पाठ न दाखवता चार पावलं मागं गेला आणि मग वळला. जाताना त्या शेवटच्या खोलीच्या भिंतीजवळून गेला, पण हात लावला नाही.

"राग आलाय त्याला," विरेश म्हणाला. "येईल परत. मी बोलतो त्याच्याशी, अव्वा. तू मनाला लावून घेऊ नको."

गुरम्मा उठली. गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारखी कुरकुर न करता. उंबऱ्यावरचा टॉवेल उचलला. कडक इस्त्री, घडीवर घडी. कमरेच्या जुडग्यातून शेकाच्या खोलीची किल्ली सोडवली आणि टॉवेलवर ठेवून दोन्ही विरेशच्या हातात दिलं.

"विरेश, शेगडीवर पाणी वतलंस ते बरोबर केलंस. मी आडाणी, मला भिंतीपलीकडचं दिसलं न्हाय. हे मी कुणापुढंबी सांगीन. पण गाडी शेडात हुती, ड्रायव्हर गाडीत हुता अन् तू हुंबऱ्यापासनं धा पावलांवर हुतास. तुज्या अप्पांच्या बॉयलरमदनं निम्मी आग वाया जायाची, म्हणून ती भिंत गरम हुती, म्हणून तू जगलास. तुज्यातनं काय बी वाया जात न्हाय, लेकरा. तू त्या तुज्या पाइपावाणी झालास. आत उकळत असंल, मी न्हाय म्हणत न्हाय. पण हात लावणाऱ्याला गार लागतोस."